इंग्रजी साहित्य शिकून काय उपयोग?



गेल्या जून महिन्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती कबूल करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. चळवळीत काम करणारे आपण बरेच जण ही चूक रोज करतो आणि तिला 'मार्गदर्शन' म्हणतो, म्हणून ती चारचौघांत मांडणे गरजेचे वाटते.

वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत आम्ही काही कार्यकर्त्या संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. बारावीचा निकाल लागला की तिथे मुलामुलींची आणि त्यांच्या आयांची गर्दी होते. फॉर्म कुठे भरायचा, जात पडताळणीचे काय, शिष्यवृत्ती कधी जमा होते, हॉस्टेल मिळेल का, हे सगळे प्रश्न आम्हाला पाठ आहेत आणि उत्तरेही पाठ आहेत. त्या दिवशी एक मुलगी आली. शिकण्यात बरी, बोलण्यात कमी. म्हणाली, "ताई, मला बी.ए. करायचंय. इंग्लिश लिटरेचर घेऊन."

आम्ही तिघी होतो. एक म्हणाली, "नर्सिंगला जा, लगेच नोकरी." दुसरी म्हणाली, "डी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षेला बस." आणि आम्ही, समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, बाबासाहेबांवर भाषणे देणाऱ्या, म्हणालो, "इंग्रजी यायलाच पाहिजे, पण त्यासाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. साहित्य शिकून काय उपयोग?"

तिने विचारले, "उपयोग म्हणजे काय, ताई?"

आम्ही पगार, खोलीचे भाडे, घरचे कर्ज वगैरे बोललो. तिने कागद पिशवीत घातले आणि ती गेली. नंतर आठवडाभर अभ्यासिकेत आली नाही.

त्या आठवड्यात आम्हाला आमचेच जुने दिवस आठवले. आम्ही जिल्ह्याच्या गावातल्या एका मुलींच्या महाविद्यालयात शिकलो. वडील रात्रपाळीचे वॉचमन, आई चार घरची धुणीभांडी करायची. दहावी-बारावी मराठी माध्यमातून. तरी इंग्रजीत बरे गुण होते, म्हणून स्पेशल इंग्लिश घ्यायचे ठरवले आणि फॉर्म घेऊन खिडकीशी उभे राहिलो. तिथे बसलेल्या मॅडमनी फॉर्म पाहिला, जातीच्या दाखल्याची प्रत पाहिली आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तू मराठी मीडियमची ना? स्पेशल इंग्लिश झेपणार नाही तुला. सोशिऑलॉजी घे. तुमच्याकडच्या मुली तिकडेच जातात, सोपं जातं त्यांना."

ओरडल्या नाहीत, हिणवले नाही. भलेच सांगत होत्या. आम्ही तिथेच पेनाने विषय खोडला आणि दुसरा लिहिला.

समाजशास्त्र घेतल्याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. त्याच विषयाने आम्हाला कोलंबियात १९१६ साली वाचलेला बाबासाहेबांचा जातिविषयक निबंध दिला, आपले दुःख समजून घेण्याची शिस्त दिली. सल आहे तो वेगळाच. तो विषय आमच्यासाठी कोणी निवडला? अनिवार्य इंग्रजीच्या तासाला आम्ही ऐंशी जणी गाईडमधून उत्तरे पाठ करायचो आणि भिंतीपलीकडे स्पेशलच्या पंधरा-वीस जणी नाटक वाचताना हसायच्या. त्या कशाला हसतात हे आम्हाला तीन वर्षांत कळले नाही.

आता जूनमध्ये त्या मुलीसमोर आम्ही काय केले? त्या मॅडमचेच वाक्य म्हटले. फरक एवढाच की आमच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता.

म्हणून आम्ही शोधायला बसलो, मुलींच्या महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य आले कुठून आणि ते कोणासाठी होते? जसजसे वाचत गेलो तसतसा 'उपयोग' हा शब्द जागोजागी भेटत गेला.

इंग्रजी साहित्य हा 'विषय' म्हणून फार जुना नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शतकानुशतके ग्रीक आणि लॅटिन हेच खरे ज्ञान मानले जाई. आपल्याकडे संस्कृतला जे सोवळे होते तेच तिकडे या भाषांना. मातृभाषेतले साहित्य ते काय शिकवायचे, ते तर घरी बसून कोणीही वाचेल, असा तिथल्या पंडितांचा समज. मग हा विषय रुजला कुठे? ज्यांना ग्रीक-लॅटिनच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता त्यांच्यात. कामगारांच्या संध्याकाळच्या वर्गांत, स्त्रियांच्या महाविद्यालयांत आणि वसाहतींत.

लंडनमध्ये १८४८ साली क्वीन्स कॉलेज निघाले. श्रीमंतांच्या घरी राहून त्यांची मुले शिकवणाऱ्या गरीब पण 'कुलीन' बायकांना, म्हणजे गव्हर्नेसना, नीट शिकवावे हा त्यामागचा एक मुख्य हेतू. तिथे इंग्रजीचे पहिले प्राध्यापक होते कादंबरीकार चार्ल्स किंग्सली. ऑक्सफर्डमध्ये १८९० च्या दशकात इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम असावा की नाही यावर वाद झाला, तेव्हा त्याच्या बाजूने दिलेला एक युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: हा विषय स्त्रियांना आणि पुढे मास्तर होणाऱ्या दुय्यम-तिय्यम कुवतीच्या पुरुषांना बरा पडेल! म्हणजे विषयाला दार उघडले तेच मुळी 'सोपे जाते त्यांना' असे म्हणून. आणि त्या स्त्रियांना पदवी? ऑक्सफर्डने ती १९२० साली दिली आणि केंब्रिजने तर १९४८ साली. शिका, परीक्षा द्या, पण पदवी मागू नका.

आता वसाहतीकडे या. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारने हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये राखून ठेवले. १८३५ साली मेकॉलेचे टिपण आले. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की इंग्रजी साहित्याचा अभ्यासक्रम इंग्लंडच्या आधी इथे, हिंदुस्थानात, पद्धतशीरपणे बसवला गेला. सरकारी शाळेत उघडपणे बायबल शिकवता येत नव्हते, तेव्हा नीती आणि निष्ठा शिकवण्याचे काम शेक्सपिअर-मिल्टनवर सोपवले गेले. हा वर्ग आपल्यावरच्या उपकारासाठी भरला नव्हता हे आपण ध्यानात ठेवलेच पाहिजे.

पण तो वर्ग होता मुलांचा. मुलींचे काय?

१८४९ च्या मे महिन्यात कलकत्त्यात बेथून साहेबांनी एकवीस मुलींची शाळा सुरू केली. इंग्रज अधिकारी, इंग्रजी पैसा, आधुनिक शिक्षण. पण प्रवेश कोणाला? प्रतिष्ठित, उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या मुलींनाच. मुलींना नेणाऱ्या गाडीवर संस्कृत वचन रंगवलेले असे, म्हणजे लोकांनी भिऊ नये. इकडे पुण्यात त्याच्या एक वर्ष आधी, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती आणि पुढच्या काही वर्षांत महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा उघडल्या होत्या. लंडनचे क्वीन्स कॉलेज, भिडेवाडा आणि बेथून शाळा ही जवळजवळ एकाच वर्षातली. पण दारे तीन प्रकारची.

बेथून शाळेचे पुढे कॉलेज झाले. १८७९ साली कॉलेजचा वर्ग निघाला तो एकट्या कादंबिनी बसू यांच्यासाठी, ज्या पुढे डॉक्टर कादंबिनी गांगुली म्हणून प्रसिद्ध झाल्या. दुसऱ्या चंद्रमुखी बसू. त्या बंगाली ख्रिस्ती कुटुंबातल्या. १८७६ साली त्यांनी प्रवेश परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, परीक्षकांनी त्या उत्तीर्ण होण्याच्या लायकीच्या ठरवल्या, पण उत्तीर्णांच्या यादीत नाव घातले नाही, कारण त्या मुलगी. पुढे बेथूनमध्ये शिकायचे तर तिथे बिगरहिंदू मुलीला प्रवेश नाही. मुलगी म्हणून एक दार बंद, ख्रिस्ती म्हणून दुसरे. पदवीच्या वर्गासाठी नियम सैल झाला तेव्हाच त्या आत आल्या. १८८३ साली दोघी पदवीधर झाल्या, या देशातल्या पहिल्या दोन. चंद्रमुखी १८८४ साली एम.ए. झाल्या, तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना शेक्सपिअरच्या समग्र साहित्याची प्रत भेट दिली. आणि १८८८ साली, जिथे त्यांना प्रवेश नव्हता त्याच बेथून कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या.

ही हकीकत वाचून आनंद होतो. पण चंद्रमुखींसाठी दार उघडले म्हणून ते सगळ्यांसाठी उघडले असे समजण्याची चूक करू नका. मागे कोण राहिले ते मोजा. १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुक्ता साळवे मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. धर्माला, वेदाला, पेशवाईला ती जाब विचारते. अशी लेखणी हातात असलेल्या मुलीसाठी या देशात एकही कॉलेज नव्हते. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ सालचा. त्यात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिका असे आवाहन आहे. लंडनमध्ये, कलकत्त्यात, पुण्यात बाकी सगळे मुलींना काय 'शोभेल' याचा विचार करत होते, तेव्हा एका शिक्षिकेने आपल्या लोकांना काय 'हवे' याचा विचार केला. हा फरक आपण नीट लक्षात घेतला पाहिजे.

पुण्यातच १८८४ साली रानडे, भांडारकर, मोडक या मंडळींनी मुलींचे हायस्कूल काढले, तेच हुजूरपागा. मुलींना मुलांसारखेच इंग्रजी आणि इतर विषय शिकवायचे ठरले. टिळकांच्या वृत्तपत्रांनी त्यावर टीकेची झोड उठवली. मुलींना मराठी, शिवणकाम, धर्म, घर सांभाळण्याचे ज्ञान द्या, इंग्रजी शिक्षणाने त्या बिघडतील, हा त्या टीकेचा सूर. आम्ही ते वाचताना संतापलो. आणि मग गप्प झालो, कारण वाक्याचा सांगाडा ओळखीचा वाटला. मुलीला काय उपयोगी ते मुलीला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक!

१९१६ साली महर्षी कर्व्यांनी हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केले. पाच विद्यार्थिनींपासून सुरुवात. विधवांसाठी त्यांनी उपसलेले कष्ट आम्ही नाकारत नाही. मातृभाषेतून उच्च शिक्षण हा त्यांचा आग्रहही मोठा होता आणि इंग्रजी हा विषय त्यांनी ठेवलाच. पण विद्यापीठामागची भूमिका पाहा: बहुसंख्य स्त्रिया पत्नी आणि माता होणार, म्हणून त्यांचा अभ्यासक्रम पुरुषांपेक्षा वेगळा, घराशी जुळणारा. पदवीचे नावही वेगळे, 'गृहीतागमा'. १९२० साली ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव मिळाले, मात्र कायद्याने दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले. इतकी वर्षे त्या मुलींच्या हातात जी पदवी होती तिला सरकारदरबारी बी.ए.ची किंमत नव्हती. आणि हिंगण्याच्या त्या संस्थेत शिकणाऱ्या प्रामुख्याने उच्चवर्णीय घरांतल्या होत्या. 'पत्नी आणि माता' म्हणताना डोळ्यांसमोर कोणाची पत्नी आणि कोणाची माता होती? शेतात, गिरणीत, रस्त्याच्या खडीवर राबणाऱ्या आमच्या आज्या त्या अभ्यासक्रमाच्या कल्पनेतही नव्हत्या.

तर असा हा इतिहास. लंडनला उपयोग गव्हर्नेस होण्यासाठी, कलकत्त्याला शिकलेल्या नवऱ्याला शोभण्यासाठी, पुण्याला घर नीट चालवण्यासाठी. मुलगी वाचेल, वाचून तिला काहीतरी वाटेल, ती प्रश्न विचारेल, हा उपयोग कोणीही धरला नव्हता.

पण गंमत अशी की पुस्तके नेहमी शिकवणाऱ्याच्या ताब्यात राहत नाहीत. हे आम्हाला कळले ते त्याच आठवड्यात. भिंतीपलीकडच्या त्या मुली काय वाचत होत्या ते तरी पाहू म्हणून आम्ही जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' हातात घेतली. ती १८१३ सालची, म्हणजे ते एक लाख रुपये मंजूर झाले त्याच वर्षीची. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात मोबाइलवरची डिक्शनरी. पहिली वीस पाने वाचायला तीन रात्री लागल्या. सगळे म्हणतात ती प्रेमकथा आहे. लग्नाळू मुली, नाचाचे समारंभ, श्रीमंत नवरा. आम्ही वाचत गेलो आणि एका ठिकाणी थांबलो. त्या घरात पाच मुली आहेत आणि मुलगा नाही. म्हणून बाप मेला की राहते घर आणि जमीन एका दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार. मुलींना त्यात वाटा नाही. त्यांची आई लग्नासाठी वेडीपिशी झालेली आहे, लोक तिला हसतात, पण ती घाबरलेली आहे. नवरा मेल्यावर पोरींना घेऊन जायचे कुठे?

मित्रांनो, हा तर हिंदू कोड बिलाचा प्रश्न! मुलीला बापाच्या मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून ज्या माणसाने वर्षानुवर्षे झुंज दिली आणि बिल रखडवले गेले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली, त्याच्या लेकी आम्ही. आमच्या पलीकडच्या वर्गात हा प्रश्न तीन वर्षे प्रेमकथा म्हणून शिकवला गेला आणि आम्ही अलीकडच्या वर्गात गाईड पाठ करत बसलो. त्या वर्गात आमच्यातली एक जरी असती तर तिने हात वर करून विचारले असते, "मॅडम, आपल्याकडे हा कायदा बदलायला कोण उभे राहिले आणि विरोध कोणी केला?" त्या एका प्रश्नाने त्या वर्गातली पुढची चर्चा बदलली असती. आम्हाला बाहेर ठेवल्याने आमचे नुकसान झालेच, पण त्या पुस्तकाचेही झाले.

दिल्ली विद्यापीठाचे मुलींचे प्रसिद्ध कॉलेज १९४८ साली कुलगुरू मॉरिस ग्वायर यांनी काढले आणि नाव ठेवले मिरांडा हाऊस. या नावामागे जी कारणे सांगितली जातात त्यात शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मधली मिरांडा हे एक. बापाच्या छायेत वाढलेली, निरागस, गुणी मुलगी. पण त्याच नाटकात, त्याच बेटावर कॅलिबनही आहे. बेट मुळात त्याचे. त्याला गुलाम केले जाते, लाकडे वाहायला लावली जातात, वर मालकांची भाषा शिकवली म्हणून उपकार ऐकवले जातात. आणि तो ती भाषा मालकांनाच शिव्याशाप देण्यासाठी वापरतो. महाविद्यालयाला नाव मिरांडाचे मिळाले. आम्ही नाटक वाचले ते कॅलिबनच्या बाजूने. भाषा घ्यायची ती कृतज्ञ होण्यासाठी नाही, जाब विचारण्यासाठी, हे मुक्ताने शेक्सपिअर न वाचताच केले होते.

आणि हळूहळू दार किलकिले झालेही. सूसी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा इंग्रजी संग्रह संपादित केला. त्याच्या १९९१ च्या पहिल्या खंडात सावित्रीबाई आहेत, ताराबाई शिंदे आहेत आणि आपली मुक्ताही आहे. जिच्यासाठी १८५५ साली एकही कॉलेज नव्हते तिचा निबंध इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसमोर पोहोचायला एकशे छत्तीस वर्षे लागली. बेबीताई कांबळे चौथीपर्यंत शिकलेल्या, फलटणला छोटे दुकान चालवणाऱ्या. घरच्यांपासून लपवून त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिले. २००८ साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले आणि आज ते साहित्याच्या वर्गांत शिकवले जाते. ऊर्मिलाताई पवारांचे 'आयदान'ही तसेच. आपल्या आयाबाया त्या वर्गात पाठ्यपुस्तक म्हणून पोहोचल्या आहेत. मग आपल्या मुली विद्यार्थिनी म्हणून का नकोत? प्राध्यापक म्हणून का नकोत? बेबीताईंच्या पुस्तकातले 'हाडकी हाडवळा' हे वर्गाला कोण समजावणार?

कोणी म्हणेल, आता काळ बदलला, दार उघडले, कशाला रडता? त्यांनी २०२१ चा ऑगस्ट महिना आठवावा. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. इंग्रजी ऑनर्समध्ये स्त्रियांच्या लेखनावर एक पेपर आहे. विद्यापीठाच्या देखरेख समितीने त्यातून बामा आणि सुकीर्तराणी या दोन तमिळ दलित लेखिकांचे लेखन काढले. महाश्वेतादेवींची 'द्रौपदी' ही आदिवासी स्त्रीवरची कथाही काढली. अनेक प्राध्यापकांनी विरोध नोंदवला तरी बदल मंजूर झाला. पर्याय म्हणून पंडिता रमाबाईंचे लेखन घातले गेले. रमाबाईंशी आमचे भांडण नाही. त्या ख्रिस्ती झाल्या तेव्हा सारे पुणे त्यांच्यावर तुटून पडले आणि जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण रमाबाईंना आणण्यासाठी बामाला बाहेर का जावे लागते? बाकावर जागा एवढीच आहे का? जोतीराव असते तर त्यांनी दोघींसाठी बाक सरकवला असता.

म्हणजे १८४९ साली दारावर पहारेकरी होता, तो २०२१ सालीही आहे. आधी तो विद्यार्थिनीची जात पाहायचा, आता पुस्तकाचीही पाहतो. आणि आमच्या वस्तीतल्या खोलीत, जून महिन्यात, त्या पहारेकऱ्याची ड्यूटी आम्ही फुकट केली.

आपल्यातले काही जण म्हणतील, "ताई, हे सगळे ठीक आहे, पण पोट?" हा प्रश्न खरा आहे आणि तो आम्ही झटकत नाही. साहित्याच्या बी.ए.ने उद्या घरात पगार येणार नाही हे त्या मुलीला सांगायलाच हवे. पण सांगणे वेगळे आणि तिच्या वतीने विषय खोडणे वेगळे. आणि नीट पाहा, 'स्पोकन इंग्लिश' आणि 'साहित्य' ही वाटणी कोणाच्या सोयीची आहे? एकाने फोनवर गिऱ्हाइकाशी विनम्रपणे बोलण्यापुरती भाषा शिकायची, दुसऱ्याने त्याच भाषेत अर्थ लावायचा, भाषांतर करायचे, अभ्यासक्रम ठरवायचा, समितीत बसायचे. सेवेची भाषा आपल्याला आणि सत्तेची भाषा त्यांना. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'चे भाषण इंग्रजीत लिहिले ते गिऱ्हाइकाशी बोलण्यासाठी नव्हे. त्यांनी राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी. 'शिका' या शब्दापुढे त्यांनी 'फक्त उपयोगाचे' असा कंस घातलेला आम्हाला तरी कुठे आढळला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. आई कामावर होती. ती दारात बसून नर्सिंगचा फॉर्म भरत होती. आमच्या सांगण्यावरून. आम्ही म्हणालो, "आम्ही चुकलो. तुला जे घ्यायचं ते घे." ती लगेच खुश वगैरे झाली नाही. म्हणाली, "ताई, आता आईला मी सांगितलंय ना नर्सिंगचं. आता तुम्हीच समजवा तिला." बरोबरच होते. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. आई आली, चहा झाला. मग तिने विचारले, "पण बाई, नोकरी लागंल का ह्यानं?" आम्ही खोटे बोललो नाही. म्हणालो, "लगेच नाही. वेळ लागेल." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई कधी काय शिकायचं म्हून. हिला इचारलं तर बरं."

तिने मुलींच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला आहे. पहिल्या अंतर्गत परीक्षेत वीसपैकी नऊ गुण पडले. रडली. वर्गात बोलायला घाबरते. आम्ही दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात बसतो. ती, अजून तीन मुली आणि आम्ही. मोठ्याने वाचतो, अडलेला शब्द शोधतो, आपल्या बोलीत अर्थ सांगतो. उच्चाराला कोणी कोणाला हसायचे नाही हा एकच नियम.

ज्यांच्या गावात, वस्तीत अभ्यासिका आहे त्या सगळ्यांना आमची विनंती आहे. निकालानंतर मुलगी फॉर्म घेऊन आली की आधी तिला विचारा, तुला काय शिकायचे आहे? मग खर्च सांगा, शिष्यवृत्ती सांगा, अडचणी सांगा. पण पेन तिच्या हातात राहू द्या. अभ्यासिकेच्या कपाटात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी बामा, बेबीताई ठेवा आणि ऑस्टिन, शेक्सपिअरही ठेवा. ज्या आपल्या बहिणी इंग्रजी विषयात शिकवत आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार वस्तीला द्यावा. आणि अभ्यासक्रमातून आपले पुस्तक काढले गेले की फक्त फेसबुकवर निषेध न करता विद्यापीठाला लेखी निवेदन द्यावे.

आमच्या रविवारच्या वर्गात सध्या 'द टेम्पेस्ट' सुरू आहे. गेल्या वेळी तिने विचारले, "ताई, शेवटी ते सगळे जहाजात बसून परत जातात. मग बेट कॅलिबनला परत मिळतं का?" शेक्सपिअरने ते स्पष्ट लिहिलेले नाही. आम्ही तिला म्हणालो, हा प्रश्न उद्या वर्गात विचार.

जयभीम! नमो बुद्धाय!